बैलाच्या आडून

ती शिकार उडत्या हंसांची नव्हती. हे आरंभीच सांगून टाकतो, कारण आमच्या जुन्या शिवारावर उभ्या राहिलेल्या वसाहतीत गेली काही वर्षे जी कथा फिरते आहे, तिच्यात माझा थोरला चुलतभाऊ धावत येतो, बंदूक खांद्याला लावतो आणि आभाळातून जाणारे दोन हंस एका गोळीत खाली आणतो. आमच्या एकनळी बंदुकीत गोळी नव्हे, छर्ऱ्याचे काडतूस असे. माझा भाऊ आयुष्यात कशाच्याही मागे धावलेला मला आठवत नाही. गोष्टी त्याच्याकडे आपण होऊन चालत येत. आणि हंस आभाळात नव्हतेच. ते गव्हात होते, चरत होते, आणि चरत चरत आमच्याच दिशेने येत होते. ते का येत होते, हे ठाऊक असलेली माणसे आज दोनच उरली आहेत. त्यांपैकी एक जण सांगत नाही, म्हणून दुसऱ्याला लिहिणे भाग आहे.

वसाहतीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मला असेही समजावले की ते हंस नसून रोहित पक्षी असावेत. त्यांनी पैठणच्या धरणावर रोहित पाहिले आहेत, एवढाच त्यांचा आधार. रोहित चिखलपाणी गाळून खातो. गव्हाच्या पात्याशी त्याला काही कर्तव्य नाही. आमचे पक्षी राखी अंगाचे, पिवळ्या चोचीचे, डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे असलेले. पुस्तकात त्यांना पट्टकदंब म्हणतात. आम्ही नुसते हंस म्हणत असू, आणि आम्हाला त्यांच्याविषयी मुळीच प्रेम नव्हते.

मुकुंदवाडीचे स्टेशन मागे टाकून पूर्वेला गेले की आमचे शिवार लागे. वरच्या अंगाला एक जुना तलाव होता. हिवाळा आला की त्यावर चक्रवाक, थापट्या बदके आणि हंस उतरत. बदके पाण्यातच राहत, त्यांचा उपद्रव नसे. हंस मात्र उजाडताना खाली शेतांत येत, आणि हरभऱ्याचे, गव्हाचे कोवळे शेंडे असे खुडून खात की नंतर पाहणाऱ्याला वाटावे, कोणी विळा फिरवला. आमची शेते लहान, बांधाला बांध लागलेली. एवढ्याशा तुकड्यात एक थवा उतरला की घराचा घास जाई. बंदुकीच्या परवान्यावर कारणही तेच लिहिलेले होते, पीक राखणे. आम्ही शौकीन शिकारी होतो असे जे आता सांगितले जाते, तेही खरे नाही. आम्ही राखणदार होतो. हंसाचे मटण आम्हाला आवडत असे, ही गोष्ट वेगळी.

बंदूक आबांची. आबा म्हणजे आमचे थोरले चुलते, तीन भावांतले सर्वांत मोठे. त्यांना मूलबाळ नव्हते. पुतण्यांत हाताशी आलेले आम्ही दोघेच. तो मधल्या चुलत्यांचा मुलगा, मी धाकट्या भावाचा. परवाना निजामाच्या अमलापासूनचा होता आणि दर वेळी नूतनीकरणाला जाताना आबा डोक्याला रुमाल बांधून, अंगात कोट घालून जात. बंदूक माजघरात खुंटीवर असे. तिचा तेलाचा वास, दस्त्यावरची झिजून गुळगुळीत झालेली जागा, चामडी पट्टा, हे सारे मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. कारण मला ते लांबूनच पाहावे लागे. बंदूक पुसण्याचे काम भावाचे होते. तो माझ्याहून अवघ्या काही महिन्यांनी थोरला. पण आमच्या घरात त्या काही महिन्यांना एखाद्या पिढीचे मोल होते. नवी पाटी आधी त्याला आली, धोतर आधी तो नेसला, तालुक्याला आबांच्या मागे गाडीत आधी तो बसला. माझ्या वाट्याला जे आले, ते त्याच्या अंगावरून उतरून आले. दिसायलाही तो देखणा होता. हे मी मान्य करतो. जे खरे आहे ते मान्य करण्याला मी कधीच भ्यालो नाही.

एक गोष्ट मात्र माझी होती, आणि ती त्याच्या अंगावरून उतरलेली नव्हती. तांबडा बैल.

हंसाजवळ माणसाला जाता येत नाही. थवा चरत असतो तेव्हा एक हंस मान उंच करून पहारा देतो, आणि माणूस दिसला की सगळ्यांच्या माना एकदम वर होतात. पण गुराचे त्यांना भय नसते. म्हणून आमच्याकडे बैलाच्या आडून जायची रीत होती. बैलाने तिरके तिरके चालायचे, सरळ थव्याकडे कधीच नाही. मधूनच थांबून खाली तोंड घालायचे, पुन्हा चार पावले टाकायची. त्याच्या पलीकडच्या अंगाला दोन माणसे वाकून चालणार. पुढच्या पायाशी बैल धरणारा, मागच्या पायाशी बंदूकवाला, आणि दोघांनी पाऊल बैलाच्या पायाबरोबरच उचलायचे. हंस पोटाखालून पाय बघतो, असे आबा सांगत, आणि ते खरे होते. बैल आवाजाला बुजणारा असून चालत नसे. खुलताबादच्या डोंगराकडून आणलेला तो तांबडा बैल मी या कामाला तयार केला होता. तो कडबा खात असताना मी मागे उभा राहून पत्र्याचा डबा बडवत असे, इतका की शेजारीपाजारी मला वेडा ठरवून मोकळे झाले. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत बैलाचे कानसुद्धा हलेनासे झाले. पुढच्या खांद्यावर बोट दाबले की मान खाली, वेसणीला जरा हात लागला की चाल. असा बैल त्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. कुणाकडे होता असे कुणी म्हणत असेल, तर त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावे.

तरीही गाव म्हणे, अमक्याने हंस पाडला. अमका म्हणजे बंदूक ज्याच्या हाती तो. बैलवाल्याला कुणी विचारत नसे.

आबांची नजर अधू होत चालली होती. बाहत्तरच्या दुष्काळातल्या त्या हिवाळ्यात त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले, की परवाना आता एका पुतण्याच्या नावावर करायचा. कुणाच्या, हे ते यंदाच्या राखणीवरून ठरवणार. "कोण लायक हाय ते मला बघू द्या," एवढेच त्यांचे शब्द. मला ती बंदूक हवी होती. इतकी हवी होती, की त्या दिवसांत भाऊ ती पुसायला बसला की मी उठून गोठ्यात जात असे.

त्या वर्षी राखायला उरले तरी काय होते? पाऊस दोन वर्षे तोंड फिरवून होता. तलावाचे डबके झाले होते. घरातली बहुतेक माणसे खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जात आणि आम्ही रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होतो. बाकीची जनावरे छावणीत पाठवली होती. घरी एकटा तांबडा, त्याला आम्ही छपरावरचे जुने गवतसुद्धा काढून घातले होते. त्याच्या फासळ्या लांबून मोजता आल्या असत्या. आणि विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर आबांनी गव्हाचा एक लहानसा तुकडा जगवला होता. आसपासच्या उजाड रानात हिरवे म्हणावे असे तेवढेच. हंसांनाही ते दिसले, यात नवल नाही.

आमचे ठरले होते, की पहिल्या खेपेला भाऊ बंदूक घेईल आणि मी बैल धरीन; दुसऱ्या खेपेला उलट. पहिली त्याची का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. वर सांगितलेच आहे.

उजाडले होते. थवा गव्हात उतरलेला. आबा विहिरीच्या काठावर कपाळावर हात आडवा धरून बघत बसले होते. त्यांना तेवढ्या अंतरावरून हंस दिसणे शक्य नव्हते. हिरव्यावर तांबडा बैल मात्र दिसत असणार, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्ही बांधाकडून तिरके निघालो. नांगरटीच्या ढेकळांतून बैल शिकवल्याप्रमाणे चालला, थांबला, मान खाली घातली, पुन्हा चालला. ढेकळांत खायला काही नव्हते. तो नुसते सोंग करत होता आणि ते सोंग मीच त्याला शिकवले होते. मग आम्ही गव्हाच्या कडेला पोहोचलो, आणि तीन हिवाळ्यांची शिकवण ते जनावर एका घासात विसरले. त्याने हिरव्यात तोंड घातले ते काढीचना.

भाऊ माझ्या पाठीशी खेटून कुजबुजला, "वेसण वढ, लेका. आबा बघायलेत."

मी वेसण ओढली नाही. या एका वाक्यावर माझा सगळा दावा उभा आहे, म्हणून पुन्हा लिहितो. मी वेसण ओढली नाही. ओढली असती तर बैलाने मान झटकली असती, पहारेकऱ्याने हाक दिली असती आणि थवा तलावाकडे गेला असता. पण केवळ हिशेब करून मी थांबलो, असे म्हणणे अर्धवट होईल. तो खात होता. चऱ्र चऱ्र असा आवाज येत होता, आणि तो आवाज आमच्या गोठ्यात मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मी दोर सैल सोडला आणि त्याच्या पुढच्या पायाशी उकिडवा बसलो. भावालाही बसावे लागले.

आणि मग जे घडले ते मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. पहारा देणाऱ्या हंसाने आमच्याकडे बराच वेळ रोखून पाहिले, मान खाली घातली, आणि थवा चरत चरत आमच्याकडे सरकू लागला. सोंगाला हंस पुरते कधीच फसले नव्हते. बंदुकीच्या टप्प्याच्या कडेवर ते नेहमी अडत. पण भुकेले जनावर मन लावून खाते आहे, तिथे धोका नाही, हे त्यांना पटले असावे. ते इतके जवळ आले की त्यांच्या आपापसातल्या कुरबुरी ऐकू येऊ लागल्या. भावाने बैलाच्या पोटाखालून नेम धरला. एवढ्या अंतरावरून आमच्या आजीनेही नेम चुकवला नसता. बार झाला, थवा उठला, दोन हंस पडून राहिले. बैलाने मान वर केली नाही. तो खातच होता.

एक हंस जिवंत होता. त्याची मान मी पिरगाळली. भाऊ तोवर उभा राहून बंदूक डोक्यावर धरून आबांना दाखवत होता.

आबा काठी टेकत आले. त्यांनी हंसांकडे पाहिले नाही. काठीने गहू चाचपला, खाऊन बोडका झालेला पट्टा कुठवर गेला ते काठीनेच मापले, आणि मला म्हणाले, "हंसानं खाल्लं असतं त्याच्यापेक्षा जास्त बैलानं खाल्लं. राखायला गेलतास का चारायला?"

संध्याकाळी ओसरीवर सगळ्यांदेखत त्यांनी सांगून टाकले, की परवाना थोरल्याच्या नावावर होईल. आणि तांबड्याला इथून पुढे मीच सांभाळायचा. गहू चारायची हौस होती ना, आता चारा बघ म्हणावे. सगळे हसले. मी भावाकडे पाहिले. त्याने एक वाक्य बोलायचे होते. हंस आले ते बैल खात होता म्हणून, आणि बैल खात होता ते याने वेसण ओढली नाही म्हणून. एवढेच. तो हंसाची पिसे उपटत बसला होता, आणि उपटतच राहिला.

त्या दिवशी मी रागाने जेवलो नाही, असे आमच्या वहिनी सांगतात. तेही खोटे. मी जेवलो, आणि पोटभर जेवलो. ती शिकार माझी होती.

दुसरी खेप आलीच नाही. तलाव पुरता आटला आणि हंस गेले. पुढे शिकारीवर बंदीचा कायदा आला, पैठणचे धरण भरले आणि पाखरे तिकडची झाली. त्या बंदुकीने नंतर एकही हंस पाडला नाही. माझ्या नावावर झाली असती तरी हेच झाले असते, हे मला समजते. समजून उपयोग होत नाही. दर निवडणुकीला बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत, तेव्हा भाऊ ती खांद्याला अडकवून सायकलवरून जाई, आणि मी क्रांती चौकाजवळच्या शाळेत शिकवायला निघालेलो असे. रस्त्यावरची माणसे त्याच्याकडे वळून बघत. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, अर्धे शहर माझ्या हाताखालून गेले. पण माझ्याकडे कुणी वळून बघितलेले मला स्मरत नाही.

तांबड्याचे सांगायचे राहिले. बाभळीच्या शेंगा, वडाचा पाला, उसाचे वाढे, जिथून जे मिळेल ते आणून मी त्याला जगवला. पुढच्या पेरणीला आमच्या आळीत पायावर उभा असलेला बैल तोच होता, आणि त्याच्या जोडीला बाहेरगावचा उसना बैल लावून अर्ध्या आळीने पेरले. याचीही कथा कुणी सांगत नाही.

शहर वाढत वाढत आमच्यावरून पुढे गेले. शिवाराचे भूखंड झाले, तलावाच्या जागी गोदामे आली. गव्हाच्या तुकड्यावर वसाहतीची बाग आहे. भावाचे घर त्या बागेला लागून. माझे दोन गल्ल्या मागे. यंदा पुन्हा पाण्याचे टँकर येत आहेत, आणि बागेतल्या हिरवळीला टँकरचे पाणी द्यावे की नाही, यावरून वसाहतीत दोन तट पडले आहेत. अशा दिवसांत संक्रांतीच्या तिळगुळाला मंडळी बागेत जमली, आणि कुणीतरी भावाला हंसांची गोष्ट सांगायला उभे केले. पांढऱ्या मिशा, कोशाचा फेटा. तो फेट्यात शोभतो. त्याने सांगितली. उडते हंस त्याने सांगितले नाहीत, हे मी नमूद करतो. ती भर लोकांची. पण तो म्हणाला, "माझ्यासंगं बैल धरायला एक जण व्हता."

एक जण.

मी उठलो. तो एक जण मी, असे सांगून मी वेसणीपासून काठीने मापलेल्या गव्हापर्यंत सगळे क्रमाने सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जितक्या त्याला वाजवल्या होत्या, तितक्याच. त्यांना दोन्ही गोष्टी सारख्याच आवडल्या होत्या. याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही.

मंडळी पांगल्यावर तो बाकावर बसून होता. मला हाताने बोलावले. मी उभाच राहिलो. एवढ्या वर्षांत जे विचारले नव्हते ते मी विचारले, की त्या संध्याकाळी तू गप्प का बसलास.

"गप कुठं बसलो? जेवणं झाल्यावर आबांना समदं सांगितलं की म्या. येसण तू वढली नाय, म्हणून हंस आले."

मी विचारले, मग आबा काय म्हणाले.

त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला. "म्हनले, मला म्हाईत हाय. बंदूक काय, कुनी बी चालवील. उपाशी बैलाला गव्हात तोंड घालू देणारा ह्या घरात एकच हाय. त्याच्याकडंच राहू दे बैल, नाय तर ह्यो दुष्काळ त्यो बैल काढायचा नाय."

बागेच्या फाटकाशी टँकर मागे येत होता, त्याचा पींपीं आवाज चालला होता.  मी म्हणालो, हे मला का सांगितले नाहीस?

"आबाच नको म्हनले. म्हनले, लई फुगतंय ते पोरगं, अजून फुगंल."

मी आयुष्यभर मुलांच्या सबबी तपासल्या आहेत. साक्ष खरी की बनावट, हे मला आवाजावरून कळते. आधीचे सगळे त्याने माझे तोंड बंद करायला रचले असेल, असे मी क्षणभर धरून चाललो होतो. पण "लई फुगतंय" हे आबांचे होते. माझ्यापुरते राखून ठेवलेले होते. ते भावाला रचता आले नसते, त्याच्या अंगी तेवढी कल्पकता नाही.

तेव्हा मी ते मान्य करतो. आणि मान्य करताच मला जे वाटले तेही लिहितो, कारण इतरांनी ते वेगळेच लिहिले असते. म्हातारपणी दोघा भावांचे डोळे भरून आले वगैरे. तसे काही झाले नाही. आबांनी माझ्याविषयी काढलेले ते शब्द. माझे. आणि इतकी वर्षे तेसुद्धा त्याच्याजवळच होते, त्या बंदुकीसारखे. बंदूक निदान खुंटीवर दिसत तरी होती. तिच्याऐवजी आता त्याच्याकडे असलेल्या एका वाक्याचा हेवा करायची पाळी या वयात माझ्यावर आली, आणि मी तो करतो आहे.

मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, पुन्हा सांग.

त्याने पुन्हा सांगितले. पण या खेपेला 'उपाशी' हा शब्द त्याने गाळला, नुसतेच 'बैलाला' म्हणाला. मी तिथल्या तिथे त्याला थांबवले आणि ते वाक्य पहिल्यापासून नीट म्हणायला लावले.